पिंजऱ्याभोवती गर्दी नको

संपादक साहेब,

आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या दिसला की वनखातं पिंजरा लावतं, आणि पिंजरा लागला रे लागला की अख्खं गाव तिथे, कोण गजांना हात लावून सेल्फी काढतंय, कोण बांधावर बसून बिडी ओढतंय. बिबट्या गावाला लागूनच राहतो, माणसाचा वास त्याला नवा नाही हे कबूल, पण रोजच्या वाटेत अचानक लोखंड, त्यावर घामट हातांचा ताजा वास, बाजूला गुटख्याच्या पुड्या, मग तो वळसा घालूनच जाणार ना!

पायातल्याचं पण तेच. चामड्याच्या चपलेत घाम मुरलेला असतो, फवारणीच्या बुटाला औषधाचा वास. धुतलेले रबरी गमबूट बरे, वास कमी धरतात आणि उसात सापापासून पाय पण वाचतो, फक्त ते घालून पेट्रोल भरायला जाऊ नका, तो वास बुटाला लागतो. पिंजऱ्यातल्या शेळीला चारापाणी एकाच माणसाने करावं. आणि फुफाट्यातले ठसे तुडवू नका हो, पिंजरा कुठल्या वाटेवर ठेवायचा ते त्यावरूनच कळतं.

स्वतः फास-बिस लावायचा विचार पण नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्या संरक्षित आहे, धरायचं काम वनखात्याचंच. पोरं संध्याकाळी त्याच बांधावरून घरी येतात, म्हणून वनखात्याला कळकळीची विनंती, पिंजऱ्याभोवती लांबून दोरी बांधा आणि सरपंच, पोलीस पाटलांना सांगून लोकांना आत सोडू नका.

— एक शेतकरी, ता. जुन्नर