उपाशी मेंदूला हट्टी म्हणू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अ‍ॅनोरेक्सियावरील लेखात हा मानसिक आजार झालेल्या, म्हणजे जाड होण्याच्या धास्तीने खाणे तोडणाऱ्या मुलींना ‘हट्टी’ म्हटले आहे, त्याला माझी सक्त हरकत आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. अन्न तुटले की त्याचे काम बिघडणारच. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या डोक्यात सतत अन्न घोळू लागले आणि कशातच लक्ष लागेना. त्यांना तर जाड होण्याची धास्तीही नव्हती!

अ‍ॅनोरेक्सियात लक्ष अन्न, वजन आणि अंगकाठीकडेच ओढले जाते. अनेक रुग्णांना एक रीत सोडून दुसरीकडे वळणे जड जाते. बारकावे दिसतात, पण समग्र चित्र निसटते. इथे वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागात माझ्याकडे शिकवणीला येणारी दहावीतली मुलगी डब्यातली अर्धी पोळी चिमटीने तुकडे करून तासभर पुरवी. गणितात रीत चुकली तरी तीच पुन्हा गिरवी; अक्षर मात्र मोत्यासारखे. घरचे तिला अभ्यासावरून रागवत. रागावून लक्ष येणार कुठून?

उपचारांनी वजन सावरले की उपासमारीने घटलेले मेंदूचे आकारमानही बऱ्याच अंशी भरून येते. म्हणून पालकांनी आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांकडे जावे, शिकवणीचे मागाहून बघू. पुरवणीने हेही ठळकपणे छापावे, ही विनंती.

– एक शिक्षिका, वडोदरा