‘ड’ कुठं ठेवणार?

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
११ जानेवारी २०२६

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

चार-पाच दिवसांपूर्वी तुझा फोन आला तेव्हा माझ्यापुढं मिनिटाला तीस शब्दांची टायपिंगची बॅच बसली होती आणि एका पोराचं स्टेटमेंट कॉलम सोडून भलतीकडंच चाललं होतं, म्हणून "बघू" म्हणून फोन ठेवला. आपल्या घरात "बघू" म्हणजे "नाही" असा तुझा लहानपणापासूनचा समज आहे. या वेळी मी खरंच बघितलं. चार दिवस बघितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तर तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतेस, म्हणून कागदावर लिहितेय.

तू कीबोर्डांचे दोन फोटो पाठवलेस. एक मधोमध कापून दोन तुकडे केलेला, ४२ बटणांचा, १८ हजारांचा. दुसरा आपला नेहमीचा, १०४ बटणांचा, हजाराच्या आतबाहेरचा. खाली प्रश्न : "आई, तू जन्मभर टायपिंग शिकवलंस, सांग कुठला घेऊ?" टायपिंगबद्दल तू मला काही विचारलंस ही पहिलीच वेळ. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

एक टोमणा आधीच उरकून घेते. क्लासच्या वरच्या मजल्यावर तू वाढलीस. खाली सकाळपासून टाइपरायटर मशिनींचा खडखडाट, त्यातच तुझा अभ्यास झाला. गावातली किती पोरं माझ्या हाताखालून परीक्षा देऊन गेली, आणि माझी स्वतःची मुलगी सहा बोटांनी, खाली बघत टाइप करते. दहावीच्या सुट्टीत तुला इन्स्क्रिप्टचे, म्हणजे संगणकावरच्या मराठी अक्षरांच्या मांडणीचे, स्टिकर कीबोर्डवर लावून दिले. कुठलं अक्षर कुठं ते आठवड्यात पाठ केलंस आणि बोटांची पाळी आली तशी रंकाळ्यावर पळालीस. झालं, संपला टोमणा. पुढं हा विषय पुन्हा येईल, पण तेव्हा तो टोमणा नसेल, हिशेब असेल.

आता हाताचं बोलू. "मनगट दुखतंय" असं तू म्हणालीस, पण एवढ्यावरून काही कळत नाही. रात्री हात बधिर होऊन जाग येते का? झटकला की बरं वाटतं का? आणि बोटं कुठली? अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अलीकडची बाजू असेल, तर ती मनगटाच्या बोळातून जाणारी नस. करंगळी आणि अनामिकेची पलीकडची बाजू असेल, तर ती वेगळी नस, कोपराच्या मागून वळून येणारी. मग टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसायची तुझी सवय आधी तपासायला हवी, तिथं कीबोर्ड बदलून काय होणार? आणि हातातून कप निसटायला लागला असेल, तर कीबोर्डचं राहू दे, आधी डॉक्टरांकडं जा.

मला हे पाठ आहे, कारण माझा उजवा हात असाच धरला होता. तुला सांगितलं नव्हतं, तुझी तेव्हा बारावी होती. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायचे आणि तू विचारलंस की "पोळ्या लाटून दुखतोय" म्हणायचे. डॉक्टरांनी कीबोर्डवर खापर फोडलं नाही. थायरॉईड तपासायला लावलं, आणि ते निघालंही. पण मी मनाशी एक गोष्ट ताडून बघत होते. मशिनवर वीस वर्षं काढली तेव्हा हाताला काही झालं नाही, आणि संगणक आल्यावर चार वर्षांत झालं. असं का व्हावं? गोदरेजच्या टाइपरायटरचं बटण आत्ताच्या मानानं किती जड! करंगळीनं शिफ्ट उचलायची म्हणजे नव्या पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मला वाटतं, कारण मशीन हाताला एका जागी बसू देत नव्हतं. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावा हात उठून लिव्हर सरकवायचा. पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा चढवा, सरळ करा. मधेच दोन दांड्या एकमेकींत अडकल्या की त्या सोडवा. रिबन बदलायची तर बोटं काळी करून घ्या. आणि मनगट टेकवायला जागाच नव्हती, हात सतत अधांतरी. संगणकानं हे सगळे त्रास काढून घेतले, आणि त्यांच्याबरोबर हाताच्या सगळ्या सुट्ट्याही. वर माऊस दिला, तोही नंबर पॅडच्या पलीकडं, म्हणजे उजवा हात दिवसभर पसरलेला. ही काही डॉक्टरी नव्हे, माझं निरीक्षण आहे. पण तू तासन्‌तास सबटायटल करतेस आणि मधे फक्त चहाला उठतेस, हे मला ठाऊक आहे.

स्प्लिटचं, म्हणजे त्या दोन तुकड्यांच्या कीबोर्डचं, म्हणणं काय, ते तुझ्या अंगावरच बघ. उभी राहा, हात सैल सोड, कोपरातून वाकव. पंजे कुठं आले? खांद्यांइतक्या अंतरावर, मनगट सरळ, तळवे एकमेकांकडं थोडे वळलेले. आता तेच हात लॅपटॉपवर आण. दोन्ही पंजे छातीसमोर गोळा होतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला मुडपतात. कीबोर्डचे दोन तुकडे केले की हे मुडपणं जातं. मधली बाजू तंबूसारखी उचलली की तळहात जमिनीकडं पिळून धरायची गरजही कमी होते. मनगट सरळ राहतं, हे मोजून दाखवलेलं आहे. त्यानं बधिर झालेली नस बरी होते, हे मात्र तेवढं पक्कं सिद्ध झालेलं नाही. विकणारे दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, तू त्या वेगळ्या ऐक. आणि कीबोर्डच्या मागचे दोन पाय उभे करून ठेवतेस ना, ते आज मिटून टाक. त्यांनी मनगट मागं मोडतं. याला एक पैसा पडत नाही.

आता चार दिवस मी काय केलं ते. क्लासच्या माळ्यावर जुन्या कीबोर्डांचा ढीग आहे, त्यातले दोन काढले आणि दोन्ही एकाच संगणकाला लावले. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर, दोन्ही जरा तिरपे ठेवून. विंडोजला काही फरक पडत नाही, एकावर शिफ्ट दाबून दुसऱ्यावर अक्षर मारलं तरी चालतं. मधे एकाचा नंबर पॅड आणि दुसऱ्याचा अर्धा भाग येतो, त्यामुळं हात हवे त्याहून लांब गेले. पहिल्या दिवशी पोरं हसली, "मॅडम हार्मोनियम वाजवायला लागल्या." मी चाळीसचा पॅसेज मारून दाखवला. चुका दोन. मग कोणी हसलं नाही.

वेग कमी झाला नाही, आणि का झाला नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मलाच गंमत वाटली. अगं, आमच्या क्लासचा पहिला धडाच कापलेला आहे! एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. डावा अर्धा, मग उजवा अर्धा. तुझं पाळण्यातलं गाणं ते. प्रत्येक हाताला आपापलं घर आणि मधली हद्द ओलांडायची नाही. हद्द आम्ही बोटांना शिकवली, या लोकांनी ती प्लास्टिकमध्ये कापली.

आणि मराठीला तर हे जास्तच जुळतं. इन्स्क्रिप्टमध्ये काना-मात्रा डाव्या हाताला आणि म, न, व असे थोडे सोडले तर व्यंजनं उजव्या हाताला. उजव्यानं अक्षर ठेवायचं, डाव्यानं मात्रा द्यायची. "पोरी" लिहून बघ : उजवा, डावा, उजवा, डावा. मशिनवर असं नव्हतं, तिथं पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, कागदावर दिसते तशी. इन्स्क्रिप्टमध्ये तोंडानं म्हणतो त्या क्रमानं बोटं जातात. हे दोन हातांचं बोलणं आहे, दोन तुकड्यांवर ते आणखी मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे खांदे खाली आले होते. वर चढलेले असतात हे तोवर मला माहीत नव्हतं.

आता हिशेब. "व" बीच्या बटणावर आहे. आमच्यात ते डाव्या तर्जनीचं. तू ते उजव्या तर्जनीनं मारतेस, मी किती वेळा बघितलंय. स्प्लिटवर बी डाव्या तुकड्यात जातं. तुझं उजवं बोट सवयीनं पलीकडं जाईल आणि टेबलावर आपटेल. "आवडलं" लिहायला जाशील आणि "आडलं" होईल. स्प्लिट कीबोर्ड माझ्यापेक्षा कडक शिक्षक आहे. मी पट्टी दाखवायचे, तो बटणच काढून घेतो. निदान तीन आठवडे तुझा वेग निम्म्यावर येईल असं धर, आणि ज्या महिन्यात मोठं काम डोक्यावर असेल त्या महिन्यात सुरुवात करू नकोस.

पण त्या ४२ बटणांच्या फोटोवर माझी खरी हरकत वेगळीच आहे. तो मी भिंग लावून बघितला. पीच्या उजवीकडचं चौकटी कंसाचं बटण त्यात नाहीच. इंग्रजीवाल्याला काय, कंस कधीतरी लागतो, दुसरं बटण दाबून धरून काढता येतो. पण आपल्याकडं त्या बटणावर "ड" आहे, आणि शिफ्टबरोबर "ढ". म्हणजे तांबडाही तिथलाच आणि पांढराही तिथलाच! कोल्हापूरच्या पोरीनं असा कीबोर्ड घ्यायचा आणि तांबडा-पांढरा लिहायला चोरवाटेनं जायचं? वरची आकड्यांची रांगही त्यात नाही, म्हणजे ज्ञ, त्र, क्ष, श्र यांचाही एका बोटाचा रस्ता बंद. हा कीबोर्ड ज्यांनी केला त्यांच्या भाषेला २६ अक्षरं पुरतात, त्यांचा दोष नाही. आपण आपली अक्षरं मोजून मग दुकानात जावं.

दुसरं म्हणजे त्याच्या रांगा सरळ उभ्या आहेत. तिरप्या रांगा ही जुन्या मशिनची खूण. प्रत्येक बटणाखालून एक दांडी मागं जायची, त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून बटणं सरकवलेली. शोल्सचं पहिलं पेटंट १८६८ चं, रेमिंग्टननं ते मशीन १८७४ मध्ये बाजारात आणलं. तेव्हा ती कंपनी शिवणयंत्रंही करायची, म्हणून सुरुवातीच्या मशिनला कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, मागं घ्यायला चक्क शिवणयंत्रासारखी पायानं दाबायची पट्टी होती! दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला. त्यामुळं सरळ रांगांचं म्हणणं बरोबर आहे, मला पटतं. कापायची कल्पनाही आजची नाही, क्लॉकेनबर्ग नावाच्या जर्मन माणसानं १९२६ मध्येच ती मांडली होती. पण तू महिन्यातून दोनदा कोयना एक्सप्रेसनं येतेस आणि गाडीत लॅपटॉपवरच काम करतेस. घरी सरळ, गाडीत तिरपं, असं करशील तर सहा बोटांचाही गोंधळ होईल.

तर माझं मत सांगते. साधा घेऊ नकोस. तू टंकलेखकाच्या परीक्षेला बसणार असतीस तर मी साध्याशिवाय दुसऱ्याला हात लावू दिला नसता, कारण तिथं समोर येईल त्या कीबोर्डवर बसावं लागतं. गेल्या ऑगस्टमध्ये इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून माझ्याकडं टायपिंगच्या चौकशीला येणाऱ्यांना मी हेच सांगते. तुझं टेबल तुझं आहे. दोन तुकड्यांचाच घे, पण तिरप्या रांगांचा, आकड्यांची रांग असलेला आणि "ड" जागेवर असलेला. नंबर पॅड नको, माऊस जवळ येऊ दे. मधली बाजू उचलता येणारा असावा. असा परवडणारा मिळाला नाही, तर एकाच पट्टीत मधून फाकवलेला, कमानीसारखा येतो तो चालेल. १८ हजार मात्र आत्ता घालू नकोस. पैसे नाहीत म्हणून नव्हे, हात अजून शिकलेला नाही म्हणून.

आणि खुर्ची. कामाला बसलेल्या तुझ्या फोटोत खांदे कानाला लागलेत. त्या टेबलाला खुर्ची वर घे, पाय लोंबकळले तर खाली जुनी जाड पुस्तकं घाल. हे आधी कर, कीबोर्ड नंतर.

बुधवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं खोकं पाठवतेय, सकाळी स्वारगेटला उतरवून घे. माळ्यावरचे ते दोन्ही कीबोर्ड आहेत, पुसून दिलेत. पंधरा दिवस त्यांच्यावर काढ आणि मग मला फोन कर. सोबत गुळाची ढेप आहे, यंदाच्या गुऱ्हाळाची. गुळाच्या हातानं बटणांना शिवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. स्टिकर शोधत बसशील म्हणून सांगते : दोन्ही कीबोर्डांचे काढून टाकलेत, आणि खालची इंग्रजी अक्षरंही नेलपॉलिशनं बुजवलीत. एफ आणि जेवरचे उंचवटे तेवढे ठेवलेत.