कंपनीने सोडून दिलेला फोन आम्हाला तरी उघडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या मोबाईलच्या धोक्यावर लेख आला होता. कंपनीचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले की फोनमधली भोकं कुणी बुजवत नाही, त्यातून पैसे जाऊ शकतात, सबब असा फोन टाकून द्या आणि नवीन घ्या असा त्याचा सारांश. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे, मी स्वतः गिऱ्हाईकाला हेच सांगतो. पण "टाकून द्या" हे वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मधला एक रस्ता आहे आणि त्याचा लेखात साधा उल्लेखही नव्हता.

मी नेवासा तालुक्यात बारा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं "जरा सॉफ्टवेअर मारून द्या, लय हँग होतोय". फोन उघडून बघावा तर डिस्प्ले चांगला, बोर्ड चांगला, बॅटरी बदलली की झालं, म्हणजे वस्तू म्हणून त्यात अजून चार वर्षांचा जीव आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे भोकं बुजवणारा अपडेट, तीन-चार वर्षांपूर्वीचा. हा माणूस कांदा विकून कधीतरी दहा-बारा हजाराचा फोन घेतो, त्याला दर तीन वर्षांनी नवा घे म्हणणं सोपं नाहीये. पिक्सेल ८ ला आणि गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं अपडेट मिळणार असं कंपन्यांनी जाहीर केलंय, छानच आहे, पण बाजारात आले तेव्हा ते पन्नास हजाराच्या वरचे फोन. ज्याच्या खिशात पैसे कमी त्याच्याच फोनचे अपडेट आधी बंद पडतात.

तर मधला रस्ता म्हणजे कस्टम रॉम. कंपनीने दिलेली सिस्टीम काढून त्या जागी जगभरातल्या स्वयंसेवकांनी बनवलेली ताजी अँड्रॉइड सिस्टीम टाकायची. हे काही कालपरवाचं नाही. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रॅमरने एचटीसीच्या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी सायनोजेनमॉड बनवलं तिथून हे सुरू झालं. आपल्या देशात तर हे नाव थेट बाजारात आलं होतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये वनप्लस वन भारतात आला तो सायनोजेन घेऊनच, आणि त्याच महिन्यात मायक्रोमॅक्सने यू युरेका काढला ८,९९९ रुपयांना, त्यातही सायनोजेन. भारतात सायनोजेनचा हक्क फक्त आमचा म्हणून मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली आणि वनप्लसची विक्री काही दिवस थांबली होती, आमच्या लाईनीतल्या पोरांना हे अजून आठवतं. पुढे त्या सायनोजेन कंपनीने २०१६ च्या शेवटी हे काम बंद केलं पण कोड उघडा होता ना, म्हणजे आतला प्रोग्रॅम कुणीही बघावा आणि वापरावा असा, त्यामुळे त्याच लोकांनी तोच कोड उचलून लीनेजओएस या नावाने काम चालू ठेवलं, ते आजतागायत चालू आहे. कंपनी गेली तरी काम राहिलं, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

दुसरं उदाहरण रेडमी नोट ४. जानेवारी २०१७ ला भारतात आला, ९,९९९ पासून किंमत, स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर आणि ४१०० एमएएचची बॅटरी, गावात दर दुसऱ्या माणसाच्या हातात दिसायचा. आला तेव्हा मार्शमॅलो म्हणजे अँड्रॉइड ६ होता, कंपनीकडून नूगापर्यंत म्हणजे अँड्रॉइड ७ पर्यंत गेला आणि थांबला. डेव्हलपर लोकांनी तोच फोन अँड्रॉइड ११ च्याही पुढे नेला. तेच हार्डवेअर, तीच रॅम. मग सांगा, फोन म्हातारा झाला होता की त्याला सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं?

आता कर्नल म्हणजे काय तेही सांगतो कारण यातच खरी मेख आहे. आमच्या भागात कालव्याचं आवर्तन सुटलं की पाटकरी ठरवतो कुणाच्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं, कुणाचा नंबर आधी, कुणाचा नंतर. फोनमध्ये कर्नल म्हणजे हाच पाटकरी. प्रोसेसरने किती वेगाने पळायचं, कोणत्या ॲपला किती मेमरी, स्क्रीन बंद असताना कोण जागं राहणार, चार्जिंग किती अँपिअरने घ्यायचं, हे सगळं कर्नल बघतो. पाटकरी बदलला की त्याच पाण्यात जास्त रान भिजू शकतं तसं चांगला कर्नल टाकला की त्याच बॅटरीवर फोन रात्रीपर्यंत टिकतो, माझ्या स्वतःच्या फोनमध्ये मी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारा कर्नल टाकलाय आणि बॅटरी फुगण्याचं टेन्शनच गेलं. उलटपण होतं हं. नवशिकी पोरं प्रोसेसर जास्त पळवायच्या नादात असा कर्नल टाकतात की फोन तव्यासारखा तापतो.

आणि हा कर्नल कंपनीच्या मालकीचा नाहीये. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला, आणि तो जीपीएल परवान्याखाली आहे. परवाना साफ सांगतो की हा कर्नल घालून तुम्ही वस्तू विकली तर घेणाऱ्याने मागितल्यावर त्यात तुम्ही केलेल्या बदलांसकट सोर्स कोड द्यायचा. हा उपकार नाही, फुकट मिळालेल्या मालाची ती किंमत आहे. तरी काही कंपन्या महिनोन्‌महिने कोड टाकत नाहीत, टाकला तर अर्धवट टाकतात. कॅमेरा, मॉडेम, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्रॅम, तर बहुतेक बंद पेटीतच असतात, म्हणून कस्टम रॉम टाकल्यावर कॅमेरा थोडा फिका पडतो. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा तर रॉमबद्दल पहिला प्रश्न एकच असायचा, व्होल्टे म्हणजे फोरजीवरून कॉल चालतो का? कारण जिओला टूजी थ्रीजी नाहीच, व्होल्टे नाही चाललं तर साधा कॉल लागत नाही. डेव्हलपरने रात्र-रात्र जागून ते चालू करायचं, कशासाठी, तर कंपनीने दोन फायली दिल्या नाहीत म्हणून.

यातले धोके मी लपवत नाही. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना दारावर उभा असलेला राखणदार, कंपनीची सही असलेली सिस्टीमच तो आत सोडतो. रॉम टाकायचा तर आधी हा राखणदार उठवावा लागतो, त्याला बूटलोडर अनलॉक म्हणतात, आणि ते करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. एकदा अनलॉक राहिला की फोन चोराच्या हातात पडल्यावर तोही त्यात हवं ते टाकू शकतो. सॅमसंगमध्ये तर अनलॉक करून दुसरी सिस्टीम टाकली की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो, आणि एकदा उडाला की परत बसत नाही, सॅमसंग पे कायमचं जातं. आणि टेलिग्रामवरून कुणाचाही रॉम उचलून टाकणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं आहे, मी तरी ज्याचा कोड उघड आहे आणि दर महिन्याचे पॅच वेळेवर येतात असाच रॉम टाकतो.

माझ्या हातूनही एक फोन गेलाय. २०१८ ची गोष्ट, एका मास्तरांचा फोन, नवीन अपडेटनंतर हँग व्हायला लागला म्हणून त्यांना जुनी सिस्टीम परत हवी होती. मी मारली. त्या फोनमध्ये अँटी रोलबॅक नावाचं लॉक नव्यानेच आलं होतं, जुनं सॉफ्टवेअर टाकलं की फोन खलास, मला ते माहीत नव्हतं. फोन ठार डेड, चार्जिंगला लावला तरी लाईट नाही. पाठ उघडली, बोर्डावरचे टेस्ट पॉइंट (डेड फोन कॉम्प्युटरला दिसावा म्हणून जोडायचे ठिपके) शॉर्ट करून कॉम्प्युटरला जोडला तर कळलं की पुढचं सॉफ्टवेअर टाकायला कंपनीची परवानगी असलेलं अकाउंट पाहिजे, ते फक्त त्यांच्या सेंटरवाल्यांना मिळतं, आणि सेंटरवाले म्हणाले बोर्ड बदला, फोनच्या अर्ध्या किमतीत. मी मास्तरांना माझ्या खिशातून दुसरा फोन दिला. चूक माझी होती, पण चार फायली टाकून जिवंत होणारा फोन केवळ अकाउंट नाही म्हणून ड्रॉवरमध्ये पडून आहे, सहा-सात वर्षं झाली, अजून मी तो टाकला नाही. त्या दिवसापासून आधी अँटी रोलबॅकचा नंबर बघायचा, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक ज्यात असतो त्या ईएफएस भागाचा बॅकअप घ्यायचा, मगच हात लावायचा असा नियम केलाय. पोरांनो, तो बॅकअप घेतल्याशिवाय काहीही मारू नका, नेटवर्क एकदा गेलं की रडू येतं.

दुकानात दुसऱ्या प्रकारचे लोकही येतात, "आयएमईआय बदलून द्या" म्हणणारे. त्यांना मी दारातूनच परत पाठवतो. आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फोनचं बिल बघून, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो नंबर टाकून, मगच मी फोन फ्लॅशिंगला, म्हणजे नवी सिस्टीम टाकायला घेतो. हे मुद्दाम लिहितोय कारण फ्लॅशिंग म्हटलं की लोकांना चोरीचा धंदा वाटतो. तसं नाहीये हो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा एका घरात दोन-तीन पोरं आणि फोन एकच, तोही बापाबरोबर रानात. त्या जून-जुलैत मी लोकांच्या कपाटातले पंचवीस-तीस जुने फोन काढायला लावले, हलका रॉम टाकून दिला, कंपनीने भरलेला जाहिरातींचा कचरा गेल्यावर दोन जीबी रॅमच्या फोनवर दीक्षा ॲप आणि मास्तरांचे व्हिडिओ नीट चालायला लागले. पैसे बऱ्याच जणांकडून घेतले नाहीत, घ्यावेसे वाटले नाहीत.

आता या सगळ्यातली सर्वात वाईट गोष्ट. चार वर्षं पॅच न मिळालेला फोन, ज्याला तुमच्या लेखाने धोकादायक म्हटलं, तो बँकेच्या ॲपला बहुतेक वेळा चालतो, कारण त्याचा बूटलोडर लॉक आहे आणि गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत तो पास होतो. आणि तोच फोन मी अनलॉक करून या महिन्याचा पॅच असलेला लीनेज टाकला की ॲप म्हणतं तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही. रूट केलेला, म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार उघडलेला नसला तरी! म्हणजे भोकं पडलेला चालतो आणि भोकं बुजवलेला चालत नाही. गिऱ्हाईकाला मी हे आधीच स्पष्ट सांगतो, आणि यूपीआय बंद होईल म्हटल्यावर दहातले सहा-सात जण "राहू द्या मग" म्हणून तोच जुना धोकादायक फोन घेऊन परत जातात. बँकांनी सिस्टीम कुणाची आहे ते बघण्याऐवजी पॅच किती ताजा आहे ते बघितलं तर काय बिघडेल हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्यात दारं एकेक करून बंद होतायत. हुआवेने २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं बंद केलं. शाओमीमध्ये अकाउंट जोडून १६८ तास म्हणजे अख्खे सात दिवस थांबावं लागायचं, त्यांची हायपरओएस ही नवी सिस्टीम आल्यापासून नियम अजून कडक झालेत. फ्लॅशिंगवाल्यांचा हक्काचा फोन पिक्सेल, पण २०२५ च्या जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा गुगलने पिक्सेलच्या नेहमीच्या डिव्हाइस फायली, म्हणजे त्या फोनच्या हार्डवेअरला सिस्टीम जुळवायला लागतात त्या, दिल्याच नाहीत, आता डेव्हलपरांना ते अंदाजाने जुळवत बसावं लागतं.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं सिस्टीमचे अपडेट द्यायचे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं पाऊल आहे, पण दुरुस्ती म्हणजे पार्ट आणि सर्व्हिस सेंटर एवढंच धरलं तर आमचे निम्मे फोन त्यात बसतच नाहीत, कारण ते सॉफ्टवेअरने आजारी आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीला अपडेट परवडत नसतील तर नका देऊ, पण शेवटचा अपडेट दिला त्या दिवशी अनलॉकला लावलेली वाट बघण्याची आणि अकाउंटची अट काढून टाका, कर्नलचा पूर्ण कोड आणि डेड फोन उठवायच्या फायली उघड्या ठेवा. आणि फोनच्या खोक्यावर जशी एमआरपी छापतात तशी अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख छापा, मराठीत छापा, म्हणजे आमचा शेतकरी घेतानाच विचार करून घेईल.

संपादक साहेब, तुमच्या लेखकांना एक विनंती, पुढच्या लेखात जुना फोन फेकायच्या आधी त्याचं मॉडेल लीनेजओएसच्या यादीत आहे का ते बघा एवढी एक ओळ टाका. आणि ज्यांना फोनमध्ये बँक वापरायची नाही, नुसते कॉल, व्हॉट्सॅप, पोरांचा अभ्यास किंवा हवामान बघायचंय, त्यांनी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला विचारा, तो बॅकअप घेतो का ते आधी विचारा.

आपला नम्र,
एक मोबाईल दुरुस्ती करणारा वाचक
नेवासा, जि. अहिल्यानगर