कात्री बाजूला ठेवणाऱ्या काकांना

काका,

तुम्ही मला ताई म्हणता, मी तुम्हाला काका. नाव विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. बारीक अक्षर चष्म्यातूनही दिसत नाही म्हणालात, म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर उभं राहून मला हे बोलता आलं नसतं. त्या रविवारी तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी नुसती मान हलवत होते, ते पाहिलंत तुम्ही.

बाबा वैशाखात गेले. २०२१ च्या जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं राहिलं, आणि पुढची सव्वाचार वर्षं पलंग आणि खुर्ची यांच्यातच गेली. तुम्ही पाहिली ती फक्त त्यांची खुर्ची. त्याआधी हा माणूस एकतीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जात होता. घरी बस परवडत नव्हती असं नाही. त्यांना कुणावर अवलंबून राहायला आवडायचं नाही, एवढंच.

ते गेल्यावर घरात व्हीलचेअर राहिली, वॉकर, चार पायांची काठी, कमोडची खुर्ची, हवेची गादी आणि तिचा घरघरणारा पंप राहिला. कपडे पंधरा दिवसांत दिले गेले. हे सामान मात्र कोपऱ्यात तसंच, त्यावर आईने चादर टाकलेली. दरवर्षी गणपती त्याच कोपऱ्यात बसतो. श्रावण लागल्यावर जो येईल तो म्हणायला लागला, "गणपतीच्या आत काढून टाका हे." काढून कुठे टाकायचं, ते कुणी सांगत नव्हतं.

मी कमी दारं ठोठावली नाहीत. एका संस्थेने फोटो मागवले, मग बिल मागितलं, मग दोन वर्षांपेक्षा जुनं सामान घेत नाही म्हणून कळवलं. सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानाचा माणूस दोन जिने चढून आला आणि आईच्या देखत किलोचा भाव बोलला. समाजकार्य करणारे एक गृहस्थ खुर्ची लगेच न्यायला तयार होते, पण देतानाचा फोटो हवा, मागे त्यांचा फ्लेक्स हवा, आणि आईने हसायला हवं. बाबांना जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ओळखीतल्या एका घरी खरोखरच गरज होती, मी आपणहून फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "गेलेल्या माणसाची खुर्ची घरात नको." त्या फोननंतर मी बाल्कनीत जाऊन रडले. बाबांनी त्या खुर्चीत बसून चार दिवाळ्या पाहिल्या, नातवाला पाढे शिकवले. त्यात अशुभ काय होतं? त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की जुन्या बाजारात नेऊन टाकावी. आईच म्हणाली, "एकदा हवा तरी भरून आण. अशी बसलेल्या चाकांची नको द्यायला."

म्हणून मी दांडेकर पुलापाशी तुमच्याकडे आले. फक्त हवा भरायला.

तुम्ही मागचं चाक हाताने फिरवलंत आणि म्हणालात, "हवेनं काय होणार ताई, रिम आऊट आहे." मग विचारलंत, "कोण बसायचं?" मी सांगितलं. तुम्ही "अरेरे" केलं नाहीत, वय विचारलं नाहीत. "चांगली वापरलीय," म्हणालात, "हाताच्या रिंगवरची पॉलिश एकाच बाजूची गेलीय. डाव्या हातानंच चालवायचे ना?" काका, इतक्या महिन्यांत ती खुर्ची नीट पाहणारे तुम्ही पहिले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची दुरुस्तीला पुन्हा आणायची ठरली तेव्हा आई म्हणाली, मीपण येते. तुम्ही तिला स्टूल दिलंत. पुढच्या लहान चाकांच्या आसात केस आणि दोरे गुंतले होते, ते चिमट्याने ओढून काढलेत. मागचं चाक २४ इंची, म्हणजे सायकलचंच टायर बसेल, असं हाताखालच्या पोराला समजावून सांगितलंत. मग उजव्या ब्रेकपाशी येऊन थांबलात.

त्या ब्रेकची गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. खुर्चीच्या दोन्ही चाकांना वेगळा ब्रेक असतो. बाबांचा डावा हात उजव्या ब्रेकपर्यंत पोचत नसे, त्यामुळे पलंगावरून खुर्चीत येताना दर वेळी कुणीतरी लावून द्यायचा. त्यांना ते फार लागायचं, तोंड फिरवून बसायचे. आईने नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा त्या दांड्यावर चढवला आणि हाताला बोचू नये म्हणून वर जुन्या इरकली लुगड्याची पट्टी गुंडाळून गच्च गाठ मारली. दांडा लांब झाला, डावा हात पोचायला लागला. पहिल्या दिवशी बाबांनी तो ब्रेक वीस वेळा तरी लावला आणि काढला असेल. खट्, खट्. पुढे चार वर्षं स्वयंपाकघरात तो आवाज आला की आई म्हणायची, बसले.

ब्रेकचा नट आवळायचा तर पट्टी सोडावी लागणार होती. चार वर्षांचा घाम आणि तेल मुरून ती गाठ दगड झालेली. तुमच्या पोराने सरळ कात्री उचलली. तुम्ही त्याच्या हातातून ती घेतलीत, बाजूला ठेवलीत आणि खाली मांडी घातलीत. आधी नखाने, मग स्पोकच्या टोकाने, एकेक पदर सैल करत बसलात. एक मुलगा कॉलेजला उशीर होतोय म्हणून पंक्चरच्या सायकलजवळ चुळबुळत उभा होता. त्याला म्हणालात, "थांब बाळा, घाईचं काम नाही हे." बाहेर सिग्नलला हॉर्न वाजत होते. दहा मिनिटं गेली असतील, पंधराही. गाठ सुटली तेव्हा तुम्ही ती पट्टी झटकलीत, घडी घातलीत, हात पुसलेत आणि दोन्ही हातांनी आईला दिलीत.

"लई पक्की मारली होती, आई."

आई एवढंच म्हणाली, "सुटायला नको होती ना."

तुम्ही पाइप मात्र काढला नाहीत. सायकलच्या हँडलची नवी काळी ग्रिप त्यावर चढवलीत. "हे ज्यानं कुणी केलं त्यानं डोकं लावलंय, हे राहू द्या," म्हणालात. आई माझ्याकडे बघत होती. बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मी ते समाधान पाहिलं नव्हतं.

पुढचंही तुम्हीच केलंत. मला वाटलं होतं, पहिला जो मागेल त्याला द्यायची. पहिली मागायला आली ती शाळकरी मुलाची आई, आणि तुम्ही तिला नाही म्हणालात. मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते. तुम्ही टेप काढून सीट मोजून दाखवलीत, १८ इंच. "बारकं पोरगं यात एका अंगाला कलंडतं, पाठ वाकडी होते. बसल्यावर दोन्ही बाजूला बोट-दोन बोटं जागा राहिली पाहिजे." त्या बाईला रिकामी पाठवलं नाहीत, लहान मापाची खुर्ची कुठे मिळेल ते शोधायला पोराला तिच्याबरोबर धाडलंत. बाबांच्या खुर्चीला तिचा माणूस भेटायला आणखी बारा दिवस लागले. वॉकर मागच्या गल्लीतल्या आजींना गेला, तोही खालचे झिजलेले रबरी बूट बदलून आणि मूठ त्यांच्या मनगटाच्या उंचीला आणून. बाकीचं सामान कुठे कुठे गेलं ते आईला पाठ आहे.

पैशांवरून आपलं जवळजवळ भांडण झालं. तुम्ही काही घ्यायला तयार नव्हतात. मी फार मागे लागले तेव्हा सांगितलंत की २०१८ च्या सप्टेंबरात कालवा फुटला तेव्हा पाणी दुकानात शिरून सगळं घेऊन गेलं, आणि चौथ्या दिवशी कुणी अनोळखी माणूस पान्ह्यांचा अख्खा संच ठेवून गेला, नाव न सांगता. मग आईने पाकीट उघडलं, तेव्हा तिच्याकडून ट्यूबचे पैसे मात्र घेतलेत. मोजून, सुट्टे परत देऊन. माझे नाकारून तिचे का घेतलेत, ते मला घरी पोचल्यावर कळलं.

या शहरात वर्षानुवर्षं राहूनही मी चांगुलपणा चुकीच्या ठिकाणी शोधत होते. पाटी असलेल्या दारांत, छापील अर्जांत, ज्यांच्या भाषणात सेवा हा शब्द दहादा येतो त्यांच्याकडे. मदत तर त्यांनीही देऊ केली होती, पण त्यात आम्ही कुठे नव्हतो. तुम्ही आमची वस्तू हातात घेतलीत ती आमची म्हणून. या चार महिन्यांत मला भेटलेल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना हे जमलं नाही.

त्या रविवारी ते गवंडीकाम करणारे दादा आले, बायको आणि मुलाच्या आधाराने. त्यांचीही उजवीच बाजू. तुम्ही पायठेवणीची उंची त्यांच्या पायांना लावून घेतलीत आणि काही न सांगता नुसतं त्या काळ्या ग्रिपकडे बोट दाखवलंत. त्यांनी डावा हात आडवा नेला आणि दांडा ओढला. खट्.

आईने डोळे मिटले होते. पट्टी तिच्या मुठीत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बसले."

काका, बाबांची सायकल अजून जिन्याखाली आहे. चेन गंजलीय, सीटचं कातडं फाटलंय, ब्रेकची रबरं उडालीत. गणपती झाले की पहिल्या रविवारी घेऊन येते. कुणाला द्यायची नाहीये. चालू करून हवी आहे, मी चालवणार आहे. या वेळी पैसे माझ्याकडून घ्या.

तुमची,
सदाशिव पेठेतली ताई