झाकण उघडलं आणि 'हो' म्हणावं लागलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मैत्रिणींना 'माझी करवली होशील का?' असं विचारण्याच्या नवनव्या युक्त्या सांगणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मी आजवर पाच लग्नांत करवली झाले, सहाव्यात होता होता राहिले. त्या सहाव्यामुळेच हे पत्र.

त्या मैत्रिणीने खोका थेट माझ्या ऑफिसात पाठवला, ऐन जेवणाच्या सुट्टीत. झाकण उघडताच फुगा वर आला. खाली मेणबत्ती, माझं नाव कोरलेला पेला, रेशमी गाऊन. आणि झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत तो प्रश्न. ती स्वतः व्हिडिओ कॉलवर, सगळे सहकारी भोवती गोळा. अशा वेळी तोंडातून 'हो'च निघतं. लग्नाच्याच आठवड्यात माझी शेवटची परीक्षा होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दीड महिन्याने धीर करून नाही म्हणाले, तर शब्द फिरवला म्हणून बोल लागला. तो गाऊन अजून घडी न मोडता कपाटात पडून आहे. परत कसा करायचा, हे कुठल्याच लेखात सापडत नाही!

भेटवस्तूंना माझा विरोध नाही. 1840 साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात 12 करवल्या होत्या आणि प्रत्येकीला पिरोजा जडवलेला, गरुडाच्या आकाराचा ब्रोच मिळाला होता. पण तो मिळाला लग्नाच्या दिवशी, आठवण म्हणून. आता भेट आधी येते आणि तिच्या ओझ्याखाली उत्तर द्यावं लागतं.

मला सगळ्यात आवडलेलं विचारणं फुकटातलं होतं. वसतिगृहात मी आणि माझी खोलीसोबतीण उधारीची वही ठेवायचो. चहा, झेरॉक्स, रिक्षाचे अर्धे पैसे, सगळं त्यात. नऊ वर्षांनी तिने त्याच वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीत नवी नोंद होती : 'एक लग्न. शेजारी उभं राहणे. येणे बाकी.' त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात : 'जमत नसेल तर माफ.' पुढच्याच पानावर सगळा तपशील. कपडे तिच्याकडून, माझे दोन दिवस जाणार, आदल्या दिवशी पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या, भाषण करायचं नाही. खरं सांगते, 'भाषण नाही' वाचून मी हो म्हणाले.

माझ्या लग्नात मी तिघींना विचारलं. एकीला कोडी आवडतात म्हणून आमच्या जुन्या फोटोचं जिगसॉ करून पाठवलं, मागे निरोप लिहून. त्यातला एक तुकडा माझ्याच सोफ्याखाली राहिला, आणि नेमकी तारीख त्याच तुकड्यावर होती. तिचा फोन आला, "येते गं, पण कधी?" वहीवालीला विचारायची गरजच नव्हती, तरी मी नोंद केली.

तिसरीला असले प्रकार मुळीच आवडत नाहीत. तिला चालताना विचारलं आणि म्हटलं, लगेच सांगू नकोस. तिने चार दिवस घेतले आणि नाही म्हणाली. सगळ्यांसमोर उभं राहिलं की तिच्या पोटात गोळा येतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. थोडं लागलं मनाला, कबूल करते. लग्नात ती दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पर्समध्ये सुया, दोरा, पिना आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन. त्या दिवशी त्यातली एक पिन आणि दोन गोळ्या मला लागल्या.

आपली,
एक नियमित वाचक