संगणकावर मुक्त सॉफ्टवेअर टाकण्याची वाट सोपी करा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळा, सेवा केंद्रे व शासकीय कार्यालयांतील डेस्कटॉपसाठी राज्याचे सहीबंद मुक्त सॉफ्टवेअर भांडार

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. शाळांच्या लॅबमधले चौथ्या-पाचव्या पिढीचे, ४ जीबी रॅमचे संगणक त्यात बसत नाहीत. त्यांवर लिनक्स ही मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, ऑपरेटिंग सिस्टीम टाका, हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून लागू आहे. केंद्राच्या सी-डॅक संस्थेचे बॉस लिनक्स आहे, डेबियन, उबुंटू, मिंट हे लिनक्सचे इतर प्रकार आहेत. पेनड्राइव्हवरून यांपैकी कोणतीही सिस्टीम अर्ध्या-पाऊण तासात चढते. अडचण त्यानंतर सुरू होते, जेव्हा शिक्षकाला किंवा ऑपरेटरला त्या सिस्टीमच्या भांडारात, म्हणजे प्रोग्रॅम जिथून उतरतात त्या अधिकृत साठ्यात, नसलेला एखादा प्रोग्रॅम हवा असतो.

आम्ही नागपूर शहर आणि जिल्ह्यात संगणक लॅब व कार्यालयांतली यंत्रे सांभाळणारी, मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारी माणसे आहोत. राज्याने आणखी एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम बनवावी, असे आम्ही म्हणत नाही. ती कृपा करून बनवू नये. बाहेरचा प्रोग्रॅम डेस्कटॉपवर नीट, सुरक्षित आणि एका क्लिकवर टाकता येईल, एवढी एक व्यवस्था, म्हणजे डिजिटल सही असलेल्या प्रोग्रॅमचे भांडार, राज्याने उभी करावी. ती का लागते, हे तपशिलात सांगणे भाग आहे.

स्क्रॅचचे उदाहरण घ्या. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला ते सर्वात सोपे साधन. पण त्याची अधिकृत डेस्कटॉप आवृत्ती विंडोज, मॅक, क्रोम ओएस आणि अँड्रॉइडसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. पर्याय म्हणून टर्बोवार्प हा मुक्त प्रोग्रॅम घ्यावा लागतो. तो डेब, अॅपइमेज, फ्लॅटपॅक आणि स्नॅप अशा चार पॅकेज-रूपांत, म्हणजे प्रोग्रॅम बांधून देण्याच्या पद्धतींत, मिळतो. पारशिवनीच्या किंवा भिवापूरच्या शाळेतल्या शिक्षकाने यातले कोणते निवडावे? आणि प्रत्येक रूप वेगळ्या जागी अडते.

अॅपइमेज उतरवून डबल क्लिक केले तर बहुतेकदा काहीच होत नाही. खिडकी उघडत नाही, चूक दाखवली जात नाही. एक कारण म्हणजे फाइलला चालवण्याची परवानगी नसते. ती गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन द्यावी लागते. दुसरे कारण म्हणजे उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून फ्यूज २ ही लायब्ररी (अॅपइमेज उघडायला लागणारा तयार भाग) सोबत येत नाही आणि २४.०४ मध्ये तर तिच्या पॅकेजचे नावच बदलले आहे, म्हणून जुन्या सूचनांप्रमाणे शोधणाऱ्याला ती सापडत नाही. हे दोन्ही सोडवले तरी २४.०४ मध्ये अॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेचा नवा निर्बंध इलेक्ट्रॉन या साच्यावर बनलेल्या (टर्बोवार्पसारख्या) प्रोग्रॅमना सँडबॉक्स, म्हणजे स्वतःभोवतीचे सुरक्षेचे कुंपण, उभारू देत नाही. मग इंटरनेटवर कोणीतरी सांगते की सँडबॉक्स बंद करून चालवा. प्रोग्रॅम सुरू होतो, पण त्याच्या सुरक्षेची भिंत काढून टाकलेली असते, आणि शिक्षकाला हे कोणी सांगत नाही.

डेब पॅकेज ओळखीचे वाटते, पण ते प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने टाकले जाते. त्यातल्या स्क्रिप्ट यंत्रावर काहीही करू शकतात. शिवाय ते ज्या लायब्ररींवर बांधले, त्या पुढच्या आवृत्तीत असतीलच असे नाही. उबुंटू २२.०४ मध्ये सुरक्षित जोडणीची लायब्ररी ओपनएसएसएल ३ आली, १.१ वर बांधलेली पॅकेजेस त्या दिवसापासून अडली. लोक मग १.१ ची फाइल कुठल्यातरी साइटवरून आणून टाकतात. त्या शाखेची सुरक्षा दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली आहे. डिजिटल सहीच्या टोकनचे (यूएसबीला लावायच्या उपकरणाचे) जुने ड्रायव्हर वापरणाऱ्या सेवा केंद्रांत हा जुगाड सर्रास चालतो. ज्या यंत्रावर दाखल्यांवर सह्या होतात, त्याच यंत्रावर हे होते, याची आम्हाला खरी काळजी आहे.

टोकनचे दुखणे एवढ्यावर थांबत नाही. उबुंटूत फायरफॉक्स आता स्नॅप रूपात येतो आणि स्नॅपच्या कुंपणामुळे त्याला सिस्टीमवर टाकलेली टोकनची लायब्ररी वापरता येत नाही. उपाय आहे : फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे स्वतःचे डेब भांडार जोडायचे. त्यासाठी सहीची चावी (पॅकेजची सही खरी आहे का हे तपासणारी फाइल) उतरवून योग्य फोल्डरात ठेवायची, भांडाराचा पत्ता त्या चावीशी बांधून लिहायचा, आणि त्या भांडाराला प्राधान्यक्रम १००० (आकडा मोठा तेवढे प्राधान्य मोठे) द्यायचा. ही तिसरी पायरी गाळली तर सिस्टीम पुन्हा स्नॅपच आणते आणि टाकणाऱ्याला वाटते की टोकनच खराब आहे.

बाहेरची भांडारे जोडण्याच्या बहुतेक सूचना आजही जुन्या पद्धतीच्या आहेत. चावी सगळ्या भांडारांसाठी एकत्र विश्वासार्ह मानणारी जुनी आज्ञा डेबियन १३ मधून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, काढूनच टाकली आहे. हे योग्यच झाले, कारण त्या पद्धतीत एका भांडाराची चावी दुसऱ्याच्या पॅकेजवरही चालत असे. पण कार्यालयात बसलेल्या माणसाला फक्त 'आज्ञा सापडली नाही' एवढेच दिसते. काही ठिकाणी तर इंटरनेटवरची स्क्रिप्ट न वाचता थेट प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, अशी एक ओळ दिलेली असते. शासकीय यंत्रावर ही ओळ चालवण्यास लेखी बंदी हवी. बंदीसोबत पर्यायही द्यावा लागेल, नाहीतर ती पाळली जाणार नाही.

विंडोजवरही चित्र फारसे वेगळे नाही. मुक्त प्रोग्रॅमची इन्स्टॉलर फाइल उघडली की स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या सुरक्षा सोयीचा निळा इशारा येतो. जून २०२३ पासून सहीची चावी हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशा सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, त्यामुळे पदरमोड करून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सही परवडत नाही. वापरणाऱ्याला मग 'तरीही चालवा' दाबायची सवय लागते, आणि खोटी फाइल आली तरी बोट तिथेच जाते. २०२२ मध्ये गिंप हा चित्र-संपादक शोधणाऱ्यांना जाहिरातीतून बनावट साइटवर नेऊन माहिती चोरणारा प्रोग्रॅम दिला गेला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरची मूळ साइट आपल्या देशात उघडत नव्हती. प्रोग्रॅम वापरायला बंदी नव्हती, फक्त मूळ जागा बंद होती. लोकांनी तो मिळेल तिथून घेतला. विश्वासाची एक ठरलेली जागा राज्यात असती, तर ही वेळ आली नसती.

आता जाळ्याचा, म्हणजे इंटरनेट जोडणीचा, प्रश्न. वीस संगणकांच्या लॅबमध्ये पहिला फ्लॅटपॅक प्रोग्रॅम टाकताना त्याच्यासोबत काहीशे एमबीचा रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा पाया) येतो. वीस यंत्रांनी तो वेगवेगळा उतरवला तर ग्रामपंचायतीच्या जोडणीवर दिवस जातो. डेब पॅकेजसाठी लॅबमधल्या एका यंत्रावर अॅप्ट कॅशर, म्हणजे एकदा उतरलेली पॅकेजेस साठवून बाकीच्यांना देणारा प्रोग्रॅम, ठेवता येतो. तो ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि बाकीच्या यंत्रांत एक ओळ लिहिली की पुरते. पण बाहेरची भांडारे एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीवर असतात. कॅशर ती जोडणी मुळातच नाकारतो आणि ४०३ ची चूक दाखवतो. परवानगी दिली तर जोडणी आरपार जाते, साठवले काहीच जात नाही. म्हणजे नेमके जे सॉफ्टवेअर बाहेरून आणायचे, त्यालाच या सोयीचा उपयोग नाही.

आणि एक अगदी छोटी गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी यंत्रे 'बिघडलेली' ठरतात. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. यंत्र बंद केले की तारीख काही वर्षे मागे जाते. मग भांडाराची यादी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते, साइटची प्रमाणपत्रे चुकीची ठरतात आणि काहीच उतरत नाही. सेल बदलणे हा पाच मिनिटांचा आणि चहा-नाश्त्याच्या खर्चाचा उपाय आहे. लॅबच्या देखभाल करारात तो लिहिलेला नसतो, एवढेच.

म्हणून आमची मागणी राज्याच्या सॉफ्टवेअर भांडाराची आहे. त्यात पहिल्या टप्प्यात तीस-चाळीस प्रोग्रॅम पुरेत : टर्बोवार्प, क्यूजीआयएस (नकाशे), ओबीएस (व्हिडिओ रेकॉर्डिंग), इंकस्केप (रेखाचित्रे), टेसरॅक्ट (छापील मजकूर ओळखणारा) आणि त्याची मराठी भाषा-फाइल, मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट व फोनेटिक कळफलक, आणि राज्यात चालणाऱ्या टोकनचे ड्रायव्हर. क्यूजीआयएसचा उल्लेख मुद्दाम केला. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, नीरी या संस्था याच शहरात आहेत. नकाशांचे काम इथल्या विद्यार्थ्यांच्या हाताशी आहे. पण क्यूजीआयएसचे भांडार एकीकडून आणि त्याला लागणारी जीडॅल लायब्ररी दुसरीकडून आली की आवृत्त्यांचा मेळ बसत नाही आणि प्रोग्रॅम टाकताच येत नाही. हा मेळ एकदा, एका जागी, जाणकारांनी बसवावा. प्रत्येक महाविद्यालयाने तो पुन्हा का बसवायचा?

भांडाराची रचना करताना काही गोष्टी सोडू नयेत. त्याचा प्राधान्यक्रम १०० ठेवावा, म्हणजे मूळ सिस्टीमची पॅकेजेस ते कधी झाकणार नाही. सहीची मुख्य चावी इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रात ठेवावी. रोजच्या चावीची मुदत संपण्याआधी नवी चावी पॅकेज म्हणूनच सगळ्या यंत्रांवर पोहोचावी. मुदत संपलेल्या चावीने चांगली भांडारे बंद पडलेली आम्ही पाहतो. प्रत्येक प्रोग्रॅम मूळ स्रोतावरून राज्याच्या यंत्रावर बांधला जावा आणि त्यात कोणकोणते घटक आहेत याची यादी सोबत असावी. नवी आवृत्ती आली की लगेच पुढे ढकलू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या, साध्या दिसणाऱ्या घटकात चोरदरवाजा सापडला, तेव्हा तो डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचला होता, स्थिर शाखेत नव्हता. थांबण्याचा असा उपयोग होतो. शाळांसाठी आवृत्त्या मे महिन्यात ठरवाव्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तेवढ्यात लॅब तयार करता येतात. वर्षभर फक्त सुरक्षा दुरुस्त्या जाव्यात.

टाकण्याचा अधिकारही वाटून द्यावा लागेल. आज शिक्षकाकडे एकतर प्रशासकाचा पासवर्ड असतो, म्हणजे सगळेच मोकळे, किंवा नसतो, म्हणजे ठेकेदाराचा माणूस येईपर्यंत वाट पाहायची. पोलकिटच्या (लिनक्समध्ये कोणाला काय करू द्यायचे ते ठरवणाऱ्या सोयीच्या) एका नियमाने असे करता येते की भांडारातले सहीबंद पॅकेज शिक्षक पासवर्डशिवाय टाकू शकेल, पण बाहेरची फाइल टाकू शकणार नाही. प्रोग्रॅमची नावे, वर्णने आणि शोधशब्द मराठीत असावेत. 'नकाशा' किंवा 'चित्रकला' शोधले की प्रोग्रॅम सापडला पाहिजे. प्रोग्रॅमची ओळख देणाऱ्या अॅपस्ट्रीमच्या माहिती-फाइलमध्ये ही सोय आधीपासून आहे, कोणीतरी बसून भाषांतर करायला हवे.

भांडाराची एक प्रत नागपुरात, विद्यापीठात किंवा व्हीएनआयटीत ठेवावी. फक्त ६४-बिटची डेबियन व उबुंटूची पॅकेजेस आणि राज्याचे भांडार धरले तर ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीची दुसरीवर प्रत, एवढ्यात भागते. जिथे इंटरनेट नाही तिथे फ्लॅटपॅकची पेनड्राइव्हवर प्रत काढण्याची सोय वापरता येते. सही तीच राहते, त्यामुळे विश्वासही तोच. पेनड्राइव्ह तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फिरू शकते. वीज मध्येच गेली तर अर्धवट पॅकेज पुढची सगळी कामे अडवते, म्हणून यंत्र सुरू होताच अपुरे राहिलेले पॅकेज आपोआप पूर्ण करणारी छोटी सेवा प्रत्येक लॅबमध्ये असावी. केरळात काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली सिस्टीम, तिच्या सॉफ्टवेअरसह, स्वतः सांभाळते. तिच्याशी बोलणी करावीत. त्यांचे बरेचसे काम जसेच्या तसे आपल्याला वापरता येईल.

यातल्या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि ती आधी करता येते. राज्य जे सॉफ्टवेअर विकत घेते किंवा बनवून घेते, त्याच्या निविदेत एक कलम घालावे : लिनक्सवर चालणारे पॅकेज द्यावे लागेल, ते भांडाराच्या चाचणीत बसले पाहिजे, उबुंटू व डेबियनच्या पुढच्या स्थिर आवृत्तीसाठी ९० दिवसांत नव्याने बांधून दिले पाहिजे, आणि टोकनचा ड्रायव्हर असेल तर तोही त्यात आला पाहिजे. काम स्वीकारण्याची चाचणी कोऱ्या यंत्रावर, प्रशासकाचा पासवर्ड न देता, मराठी डेस्कटॉपवर व्हावी. या कलमाचा शासन निर्णय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी निघावा, ही विनंती. कलमाचा तांत्रिक मसुदा, पॅकेजांची पहिली यादी आणि पोलकिटचा नियम आम्ही लिहून देऊ, आणि आपल्या विभागातील अभियंत्यांसोबत बसून तपासूनही देऊ.

आपले विश्वासू,
नागपूर शहर व जिल्ह्यातील संगणक लॅब सांभाळणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे नागरिक