वाळूवर पिकअप उतरवण्याआधी

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

पिकअप घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जायचं तुमचं ठरलंय, हे आईकडून कळलं. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतोय. सावकाश वाच आणि गाडीत जे कोणी बरोबर असतील त्यांनाही वाचायला दे.

आधी परवानगीचं. कित्येक किनाऱ्यांवर गाडी न्यायलाच बंदी असते. काही ठिकाणी परवाना काढावा लागतो, ठरवून दिलेल्या वाटेनेच उतरावं लागतं, आणि कासवांच्या विणीच्या दिवसांत तीही बंद असते. तिथे नाही म्हणाले तर हुज्जत न घालता गाडी वर लावा आणि चालत जा.

आता मुख्य गोष्ट. या पत्रातलं एकच लक्षात राहणार असेल तर ते टायरमधली हवा हे असू दे. चाक वाळूत किती रुतणार, हे गाडीचं वजन किती जागेवर पसरतं यावर ठरतं. डांबरी रस्त्यासाठी भरलेल्या ३५ पौंड हवेत टायर टणक असतो आणि जमिनीला थोडाच टेकतो. तीच हवा १८ च्या आसपास आणली की टायर खाली पसरतो. रुंदीला फार फरक दिसत नाही, टेकण्याची लांबी मात्र चांगलीच वाढते, आणि वाळू खणत जाणारं चाक वाळूवरून चालायला लागतं. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या फिरवल्या, त्याही टायरमधली हवा कमी करून आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी सरकवून. त्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हता. यावरून हवेची ताकद ओळख.

तरीही लोक हवा काढायचा कंटाळा करतात, कारण नंतर ती भरत बसावं लागतं. ‘रुतली तर बघू’ म्हणतात. रुतल्यावर हवा काढून उपयोग होतो, नाही असं नाही, पण तोवर चाकापुढे खड्डा झालेला असतो आणि चेसिस वाळूवर टेकलेली असते. म्हणून वाळू सुरू व्हायच्या आधी, टणक जमिनीवर थांबून हवा काढ. टायर गार असताना माप घे, कारण तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो. हौद्यात माल असेल तर मागच्या चाकांत दोन-तीन पौंड जास्त ठेव. १५ च्या खाली मात्र सहज म्हणून जाऊ नकोस. इतक्या कमी हवेत झटक्याने वळलीस तर टायर रिमवरून निसटतो. ट्यूब असलेला टायर रिमवर घसरून व्हॉल्व्ह उपटला जाऊ शकतो, तेव्हा गाडीला कुठले टायर आहेत ते आधी बघून ठेव. हवा कमी असताना वेग ताशी ४० च्या आत, वळणं मोठी आणि सावकाश. परत डांबरावर चढायच्या आधी कॉम्प्रेसर लावून पूर्ण हवा भर. कमी हवेत रस्त्यावर पळवलं की टायरच्या बाजू तापून फाटतात. कॉम्प्रेसर आणि मापाचा काटा गाडीत नसेल तर वाळूवर जाऊच नकोस, इतक्या स्पष्टपणे सांगतो.

पिकअपची रिकामी गाडी पुढे जड आणि मागे हलकी असते. पुढची चाकं दबतात, मागची जागच्या जागी फिरतात. थोडं वजन मागच्या अॅक्सलच्या वर, शक्य तितकं खाली आणि घट्ट बांधून ठेवलं तर फायदा होतो, पण हौदा गच्च भरलास तर त्या वजनानेच रुतशील. आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही. कुणी कितीही हट्ट केला, कितीही थोडं अंतर असलं तरी नाही. पाण्याने कापलेली घळ भर दुपारच्या उजेडात दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. तिच्यात चाक आदळलं की हौद्यातला माणूस थेट बाहेर फेकला जातो.

फोर व्हील वाळू लागायच्या आधीच टाक, आणि ती नुसती मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मऊ वाळूच्या वाटेलाच जाऊ नकोस. चाक घसरलं की इंजिनची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा असेल, तर बटण दाबून ती बंद कर, नाहीतर जोर लागायच्या वेळी गाडी दम तोडते. परतताना दोन्ही गोष्टी पूर्ववत करायला विसरू नकोस.

उतरण्यापूर्वी चालत जाऊन वाळू बघ. भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेघेच्या वरची कोरडी वाळू मऊ असते. त्या रेघेच्या खालची, दमट आणि गडद रंगाची वाळू घट्ट लागते. अगदी लाटेजवळची चकाकणारी वाळू वरून घट्ट वाटली तरी आतून पाण्याने भरलेली असते, तिथे जाऊ नकोस. ओढा समुद्राला मिळतो ती जागाही तशीच फसवी. काडीकचऱ्याच्या रेघेच्या वर वेली आणि गवत असतं, पक्ष्यांची घरटी असतात, त्यावर चाक घालायचं नाही. कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली की चाकोरीत अडकून पडतात आणि दिव्यांनी भरकटतात, म्हणून विणीच्या काळात रात्री गाडी नकोच. लाटांच्या आवाजात माणसांना इंजिन ऐकू येत नाही. वाळूत झोपलेला माणूस आणि खेळणारं पोर तुलाच दिसायला हवं.

चालवताना एकसारखी रेस ठेव. ब्रेक दाबलास की चाकापुढे वाळूचा ढिगारा होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायचं तर पाय काढून घे, गाडी आपोआप थांबते. थांबताना तोंड उताराकडे असू दे. वाळूच्या उतारावर आडवी चालवू नकोस, चढणं-उतरणं सरळच. पिकअप उंच असते, कलंडायला वेळ लागत नाही.

आता भरती. जायच्या दिवशीचं त्या किनाऱ्याचं वेळापत्रक बघ. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी उतरून, ती झाल्यावर दोन तासांत वर यायचं. काल बघितलेली वेळ आज चालत नाही, रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप वर येतं. दिवसातून दोनदा भरती येते तिथला ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात पाणी बारातला एक हिस्सा चढतं, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे सुरुवातीला ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं आणि मग दोन तासांत निम्मी भरती येते. पाण्याच्या काठाशी गाडी अडकली आणि लाटा पोचायला लागल्या तर त्या चाकाखालची वाळू धुऊन नेतात, गाडी आपल्याच वजनाने खाली बसत जाते. तशी वेळ आली तर सगळ्यांना घेऊन वर जा. गाडी गेली तर जाऊ दे. मी एका शब्दाने विचारणार नाही.

रुतलीस तर पुढे सरकणं थांबल्या क्षणी पाय काढ. एक चक्कर जास्त फिरवलीस तरी चाक बोटभर खाली जातं. आधी आल्या चाकोरीतून मागे घेऊन बघ, ती वाळू दबलेली असते. नाही निघाली तर उतरा आणि फावड्याने चारही चाकांपुढची वाळू लांबपर्यंत काढा, पोटाखालची पण. मग हवा आणखी थोडी कमी करून, चाकाखाली फळ्या सरकवून हळू काढ. तेव्हा गाडीच्या पुढेमागे कुणी उभं नको, फळी उडून लागते. जॅक लावायचा तर खाली रुंद फळी हवी, आणि वाळूत जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर माझी सगळ्यात जास्त काळजी तिथे आहे. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नका. ताणाखाली तो गोळा तुटला की पट्टा त्याला गोफणीसारखा भिरकावतो, काच फोडून आत येतो, आणि अशाने माणसं दगावली आहेत. चेसिसला बोल्टने बसवलेल्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हुकाला मजबूत शॅकलने, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या पोलादी कडीने, जोडा. पट्ट्याच्या मध्यावर ओलं घोंगडं किंवा जड चटई टाका. ज्यांचं काम नाही त्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब आणि बाजूला उभं राहायचं, रेषेत नाही. फोटो काढायला कुणी जवळ आलं तर ओढणं थांबव.

परतल्यावर गोड्या पाण्याने खालून नीट धुऊन घे. ब्रेकचे ड्रम, स्प्रिंगच्या पाट्या, चेसिसचे कोनेकोपरे, सगळीकडे पाणी मार. वाळू आणि मीठ तिथेच साचून गंज धरतो. चाकं पाण्यात खोल गेली असतील तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल मेकॅनिकला दाखव. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलून घ्यायचं.

निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा आणि कुठून उतरणार ते मला कळव. वर आलात की एक फोन कर.

तुझे,
बाबा